राखेच्या बुधवारच्या साबणाचा वारस

मृत्युपत्र लिहून ठेवणार: सौ. सिसिलिया आलोशियस तुस्कानो, वय चौसष्ट, धंदा हल्ली घरकाम, पूर्वी हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी मोजणे, मूळ राहणार मौजे गिरीज, तालुका वसई, सध्या मुक्काम गुदैबिया, बहरीन.

कारण की, मी पूर्ण शुद्धीवर आहे. माझी स्मरणशक्ती शाबूत आहे, इतकी की घरच्यांना तिचाच त्रास होतो. नशापाणी केलेलं नाही. कोणाचंही दडपण नाही असंही लिहायची पद्धत आहे. पण माझा मुलगा वॉरन नाताळपासून ‘मम्मी, पेपरवर्क, पेपरवर्क’ करून माझं डोकं खातोय. ते दडपणात धरायचं की नाही हे वाचणाऱ्याने ठरवावं. पुढच्या महिन्यात माझ्या पित्ताशयातले खडे काढायचे आहेत. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन किरकोळ आहे. पोट त्यांचं नाही, त्यामुळे त्यांना तसं वाटणारच.

वॉरनने इंटरनेटवरून एक छापील नमुना आणून दिला होता. त्यात गाळलेल्या जागा भरायच्या होत्या. माझं म्हणणं त्या जागांत मावेना, म्हणून मी हे माझ्या हाताने, माझ्या कागदावर, मराठीत लिहीत आहे. वॉरनला मराठी नीट वाचता येत नाही, त्याने ते जगदीशरावांकडून वाचून घ्यावं. जगदीश गमरे आमच्याच मजल्यावर राहतात, ऑफिसात कागदपत्रांचंच काम करतात आणि सांगितलेलं शांतपणे ऐकून घेतात. आमच्या घरात हा गुण कोणाकडे नाही.

घर आणि ठेवी यांची व्यवस्था अर्ध्या पानात होईल. खरा प्रश्न साबणाचा आहे. मी इतकी वर्षं घरी करत आलेला हात धुवायचा साबण माझ्यामागे कोण करणार, आणि केलाच तर वापरणार कोण, एवढंच मला या कागदाने ठरवायचं आहे.

कलम १. घर. गिरीज येथील, माझ्या वडिलांनी माझ्या नावे केलेल्या दोन खोल्या, पुढचा ओटा, मागची विहीर व नारळाची झाडं ही माझ्या एकटीच्या मालकीची मिळकत असून तीवर कोणाचाही बोजा नाही. ती माझ्या पश्चात माझे पती आलोशियस यांनी हयातभर उपभोगावी व त्यांच्यानंतर वॉरनला मिळावी. वॉरनने ती विकू नये, असं लिहिणार होते. पण एखादी गोष्ट करू नको म्हटलं की त्याला तीच करावीशी वाटते, हे मी तो चालायला लागल्यापासून बघतेय. तेव्हा काही लिहीत नाही.

कलम २. ठेवी. बँकेत जे काही असेल ते सर्व आलोशियस यांना मिळावं. कागद कपाटाच्या वरच्या खणात आहेत. ते त्यांनी स्वतः शोधू नयेत, त्यांना फ्रिजमधलं दही सापडत नाही. कागदोपत्री नवऱ्याला ‘ते’ म्हणायचं असतं म्हणून इथपर्यंत तसं लिहिलं. पुढे ‘तो’ लिहीन, घरात तसंच चालतं.

कलम ३. दागिने. माझ्या दोन्ही बांगड्या व कानातले सूनबाई कॅरल हिला द्यावेत. कॅरल मनाने वाईट नाही. ती हॉटेलच्या ऑफिसात काम करते, दर शुक्रवारी वॉरनबरोबर जेवायला येते आणि येताना काहीतरी घेऊन येते. तिने आणलेल्या वस्तूंपैकी एकीबद्दल मात्र इथे नोंद करणं भाग आहे. माझ्या बेसिनवर गेलं वर्षभर एक प्लास्टिकची बाटली उभी आहे. वरून दाबली की हिरवा चिकट पदार्थ बाहेर येतो. बाटलीवर लिहिलंय, काकडी आणि पुदिना. काकडी आणि पुदिना ही कोशिंबीर झाली. मी दिलेला साबण कॅरलने स्वतःच्या घरी शिंपल्याच्या आकाराच्या बशीत, रिबीन बांधून ठेवलाय. पाहुणे आले की ती तो दाखवते. त्या रिबिनीची गाठ आजवर कोणी सोडलेली मी पाहिलेली नाही. बांगड्या तिने तशा ठेवू नयेत, घालाव्यात.

कलम ४. साबणाचं सामान. स्टीलचा मोठा टोप, वजनकाटा, लाकडी उलथणं, जाड काचेचा जग व रबरी हातमोजे. हा टोप घरात कसा आला ते सांगितल्याशिवाय त्याचं काय करावं हे सांगता येणार नाही.

लग्नानंतर मी इथे आले तेव्हा आलोशियस तुबलीच्या एका गॅरेजमध्ये मेकॅनिक होता. तिथे हात धुवायची सोय म्हणजे डबाभर डिझेल आणि वर कपडे धुवायची पावडर. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा बोटांना भेगा आणि भेगांत काळं ग्रीस. वॉरन झाला तेव्हा त्याने पोराला हातात घेतलंच नाही. पोराच्या गालाला ओरखडे उठतील म्हणायचा. दोन्ही हात मागे बांधून पाळण्यापाशी उभा राहायचा. मला त्याची दया यायला हवी होती, पण आला तो राग. बाप माणूस, आणि घरात पाहुण्यासारखा उभा.

दुकानातला साबण इथे फेसच द्यायचा नाही, कारण तेव्हा आमच्या बिल्डिंगच्या नळाला खारट पाणी यायचं. खालच्या मजल्यावर मालू राहायची, केरळची, माझ्याबरोबर लाँड्रीतच होती. तिच्या गावी खोबरेल तेलाचा साबण घरोघर करायचे. तो खाऱ्या पाण्यातसुद्धा फेसाळतो, असं तिने सांगितलं आणि कृती तोंडी शिकवली. साबणासाठी तेलात कॉस्टिक सोड्याचं पाणी घालावं लागतं. ते कोणत्या भांड्यात करायचं, हे मात्र ती सांगायची विसरली. माझ्याकडे मोठं भांडं एकच होतं, सासूबाईंनी वसईहून पाठवलेला ॲल्युमिनियमचा टोप. त्यांच्या घरची लग्नाची, मटणाची इंद्यालं त्यात शिजलेली. मी त्यात कॉस्टिक कालवलं आणि खाली गॅस नसताना टोप उकळायला लागला. काळा फेस आला, घरभर वास सुटला, आणि बुडाला भोकं पडली. सासूबाई मरेपर्यंत भेटेल त्याला सांगत, सुनेने माझा टोप खाल्ला. तो टोप मी खाल्ला नाही, कॉस्टिकने खाल्ला, हे मी या कागदाने कायमचं नोंदवून ठेवते.

आलोशियस त्या दिवशी एक शब्द बोलला नाही. जिदहफ्सच्या बाजारात गेला आणि हा स्टीलचा टोप घेऊन आला. दुसऱ्यांदा साबण ओतला तो राखेच्या बुधवारी, म्हणजे आमचा उपवासकाळ लागतो त्या दिवशी, देवळातून मिस्साहून आल्यावर, कपाळावरची राख तशीच असताना. मालू म्हणाली, आता याला सहा आठवडे हात लावायचा नाही, मुरू दे, कच्चा साबण कातडी जाळतो. हिशेब केला तर ते दिवस बरोबर ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात भरत होते. तेव्हापासून साबण राखेच्या बुधवारी ओतायचा आणि पवित्र गुरुवारी काढायचा, हा आमच्या घरचा नेम. आमचाही उपवासकाळ आणि साबणाचाही. एका वर्षी वॉरनने मधेच एक वडी पळवली आणि हात लाल करून घेतले. उपास मोडणाऱ्याला त्याच वर्षी शिक्षा झालेली मी तेवढी एकदाच पाहिली.

गुरुवारी देवळात पाय धुण्याचा विधी होतो. त्या पहिल्या वर्षी तिथून घरी येऊन मी परातीत आलोशियसचे हात धुतले. मग रोज संध्याकाळी त्याच साबणाने धुवायला लावले. उन्हाळा लागेपर्यंत भेगा भरल्या. एके दिवशी त्याने वॉरनला उचललं आणि मग खाली ठेवेचना. पोराला भूक लागली तरी देईना. माझ्या आयुष्यात मला मनापासून वाटलेला आनंद सांगा म्हटलं तर मी हा सांगेन.

आता गेल्या वर्षाचं. हल्ली माझा हात थोडा कापतो. गेल्या राखेच्या बुधवारी जग निसटला आणि मनगटावर कॉस्टिकचं पाणी उडालं. मी लगेच हात नळाखाली धरला, तसाच धरायचा असतो. बोराएवढा डाग राहिला. त्यात मरायला काय झालं? फडकं बांधून मी उरलेला साबण पुरा केलासुद्धा. पण घरात मयत झाल्यासारखा गोंधळ. वॉरन म्हणाला, ‘नो मोअर सोप, मम्मी. फिनिश.’ कॅरल दुसऱ्याच शुक्रवारी ती हिरवी बाटली घेऊन आली. आलोशियस मात्र माझं मनगट धरून नळाखाली उभा होता तो उभाच, मी पुरे म्हटलं तरी नळ बंद करेना. मला वाटलं, एक माणूस तरी आपल्या बाजूने आहे. आणि पुढच्या आठवड्यापासून तोही बाटली दाबायला लागला. गॅरेज सोडलं तरी दर गुरुवारी तो तिथे जाऊन बसतो, कुठल्यातरी गाडीत हात घालून येतो, आणि घरी येऊन काकडी-पुदिन्याने हात धुतो. माझ्यासमोर. ज्याच्या हातांसाठी हे सगळं सुरू झालं, तो.

सबब, टोप, काटा, उलथणं, जग व हातमोजे माझ्या पश्चात भंगारवाल्याला द्यावेत. घरात कोणालाही देऊ नयेत.

कलम ५. कृती. कृती ही मिळकत आहे का, असं मी जगदीशरावांना विचारलं. ते म्हणाले, ताई, लिहून ठेवली तर भांडण होईल, आणि नाही लिहिली तर ती तुमच्याबरोबर जाईल. म्हणून लिहिते. एक किलो खोबरेल तेल, केरळवाल्यांच्या दुकानातलं साधं, वासाचं नको. एकशे पंचावन्न ग्रॅम कॉस्टिक सोडा. साडेतीनशे ग्रॅम पाणी. सगळं काट्यावर मोजायचं, वाटीने नाही. पाण्यात कॉस्टिक टाकायचं, कॉस्टिकवर पाणी कधीच ओतायचं नाही. खिडकी उघडी, हातात मोजे, डोळ्यांवर चष्मा. पाणी कोमट झालं की तेलात सोडायचं आणि ताकाच्या कढीसारखं दाट होईपर्यंत ढवळायचं. लबनच्या, म्हणजे इथल्या ताकाच्या, रिकाम्या खोक्यात ओतायचं आणि त्याच संध्याकाळी कापायचं, नाहीतर दगड होतो आणि सुरी मोडते. गॅरेजवाल्यांसाठी गहवाचा, म्हणजे अरबी कॉफीचा, उरलेला चोथा वाळवून त्यात घालायचा, ग्रीस निघतं. बाकी रंग, फुलं, सुगंध काही नाही.

वॉरनला ही कृती दोन वर्षांपूर्वीच हवी होती. त्याने साबणाला नाव ठेवलं, सोनेरी कागद आणला, लॅव्हेंडरची बाटली आणली आणि शनिवारच्या बाजारात टेबल मांडलं. चिठ्ठीवर छापलं की हा वसईचा पोर्तुगीज काळापासूनचा साबण आहे. मी म्हटलं, अरे, हा मालूचा साबण आहे, आणि पोर्तुगीज मला शिकवायला आले नव्हते. त्यावर तो म्हणाला, ‘मम्मी, पीपल पे फॉर द स्टोरी.’ एक वडी त्याने ज्या भावाला ठेवली होती, त्यात तुबलीचा एखादा पोरगा आठवडाभर जेवला असता. स्टोरीच हवी असेल तर त्याने वर लिहिलेली भोक पडलेल्या टोपाची सांगावी. ही कृती कोणाच्या एकट्याच्या मालकीची नाही. जो मागेल त्याला द्यावी. ज्या साबणाने गॅरेजमधला माणूस हात धुऊ शकत नाही तो माझा साबण नव्हे.

कलम ६. तयार साबण. कपाटाच्या खालच्या खणात जो साबण आहे त्याची दोन भागांत वाटणी करावी. अर्धा नसीमाला. नसीमा समोरच्या दारात राहते, हैदराबादची आहे, आणि वर्षभर लबनची खोकी धुऊन, वाळवून माझ्यासाठी ठेवते. तिच्याशी माझं भांडण एवढंच की एका वर्षी तिने मासे तळलेलं तेल गाळून मला आणून दिलं, फुकट जाऊ नये म्हणून. आम्ही दोघींनी मोठ्या हौशीने त्याचा साबण केला. त्याने हात धुतले की मांजरं मागे यायची. उरलेला अर्धा इक्बालला. तो आलोशियसच्या हाताखाली शिकला, आता ते गॅरेज तोच बघतो आणि आजही चोथ्याचा साबण मागून नेतो. इक्बाल या कागदावर साक्षीदार होणार होता. पण ज्याला काही मिळतं त्याने साक्षीची सही करू नये, असं जगदीशराव म्हणाले. इक्बालने लगेच विचारलं, सही केली तर साबण मिळणार नाही का? नाही म्हटल्यावर त्याने पेन खाली ठेवलं. या घरात माझ्या साबणाची किंमत कळलेला तो एकटाच, असं मी इथे लिहिणार होते.

इथे लिहिणं थांबवावं लागलं. वड्या किती आहेत ते बघायला मी उठले आणि कपाट उघडलं. गेल्या ईस्टरचा साबण जवळजवळ सगळा तसाच होता. मला काही नवल वाटलं नाही, नुसता संताप आला. मागच्या रांगेत हात घातला तर काहीतरी मऊ लागलं. आलोशियसचा राखाडी मोजा, तोंडाशी गाठ मारलेला. आत साबणाच्या चिपट्या होत्या. बेसिनवरच्या, न्हाणीघरातल्या, पाहुण्यांनी अर्धवट टाकलेल्या, इक्बालकडच्या काळ्या, चोथ्याच्यासुद्धा. सगळ्या एकमेकींना चिकटून गोळा झालेला. मोजा ओला होता.

तो नुकताच तुबलीहून आला होता. मी मोजा त्याच्यासमोर टेबलावर ठेवला आणि हा काय प्रकार आहे ते विचारलं.

“हात धुतो मी त्याने,” म्हणाला. “बाटली तुला दिसावी म्हणून दाबतो.”

“आणि कपाटातला साबण काय शोभेला आहे?”

“तो काढला की संपणार. संपला की तू बुधवारी परत कॉस्टिक घेऊन बसणार. माझं चिपट्यांवर भागतं, सिसी.”

मग मला सांगायचं नाही का, असं मी विचारलं. तो म्हणाला, सांगितलं असतं तर तू मुद्दाम दुप्पट केला असतास. हे खरं आहे, तेही नोंदवते. बोलताना तो माझ्या तोंडाकडे बघत नव्हता, मनगटाकडे बघत होता.

वर्षभर मी या माणसावर धुसफुसत राहिले, जेवताना दोनदा नाही तर एकदाच वाढलं, आणि तो माझ्याच साबणाच्या चिपट्या गोळा करून गॅरेजमध्ये हात धुवत होता. मला रडू आलं. त्याहून जास्त चीड आली. इतकं माझ्यासाठी करायचं आणि एक शब्द बोलायचा नाही, ही कुठली पद्धत? जिदहफ्सहून टोप आणला तेव्हाही हेच, आणि आताही हेच.

कलम ७. रद्द व बदल. कलम चारमधला शेवटचा परिच्छेद मी याद्वारे रद्द करते. भंगारवाल्याला काहीही देऊ नये. टोप, काटा, उलथणं, जग व हातमोजे आलोशियसला मिळतील. मात्र बाकीची सर्व कलमं माझ्या मरणानंतर लागू होतील, आणि हे कलम येत्या बुधवारी सकाळी मिस्साहून आल्यावर लागू होईल. जगदीशराव म्हणतात कायद्यात असं बसत नाही. आमच्या घरात बसतं.

त्या दिवशी कॉस्टिक आलोशियस मोजेल, आलोशियस ओतेल आणि आलोशियसच ढवळेल. मी खुर्चीत बसेन आणि बोलेन. माझ्या बोलण्याबद्दल त्याने तक्रार करू नये. वॉरन आणि कॅरल यांनी हजर राहावं. त्या दिवशी उपास असल्याने जेवायचं काही मिळणार नाही, फोन बाहेर ठेवावेत, आणि कॅरलने येताना काहीही आणू नये. त्याच आठवड्यात चंद्र दिसला की नसीमाचा रमजान लागतोय, म्हणून खोकी तिने मंगळवारीच आणून द्यायचं कबूल केलंय. इक्बाल म्हणाला, इंशाल्ला, चोथा पोचवतो. कपाटातला साबण आज संध्याकाळपासून वापरायला काढावा, आख्ख्या वड्या, कोणी काटकसर करू नये. मोजा मी फेकणार होते. तो कपाटातच राहील.

पवित्र गुरुवारी देवळातून आल्यावर नवा साबण काढायचा. तोवर माझं ऑपरेशन झालेलं असेल आणि मी असेन तर परात मी धरेन. नसेन तरी परात काढायचीच. त्याचे हात वॉरनने धुवावेत. याच हातांनी तुला उचललंय, एवढं जगदीशरावांनी त्याला मराठीतच सांगावं, त्याला कळतं.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वॉरनने करावी. त्याला पेपरवर्क आवडतं.

यापूर्वी मी दुसरं कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. तोंडाने पुष्कळदा केलंय, बहुतेक वेळा स्वयंपाकघरात, ते सगळं रद्द समजावं. वर लिहिलेलं सर्व मी स्वतः लिहिलं, पुन्हा वाचलं आणि खाडाखोड जिथे आहे तिथे ती मुद्दाम आहे. कलम सातला आलोशियसची मान्यता हवी असा माझा आग्रह असल्याने त्याला सहीला बोलावलं. गॅरेजमधून आलेले हात तसेच कागदाला लावायला निघाला होता. मी म्हटलं, आधी धुऊन ये. तो आत गेला, आणि मी नळाचा आवाज ऐकत बसले. बऱ्याच वेळाने आला तेव्हा कपाटातली नवी वडी ओल्या हातात घेऊनच आला, मला दाखवायला.

लिहून ठेवणार: सिसिलिया आलोशियस तुस्कानो (सही)

आम्हा दोघांसमक्ष व एकमेकांसमक्ष सही झाली. आम्हाला या कागदाने काहीही मिळत नाही, साबण आम्ही नेहमीसारखा मागून नेऊ.

साक्षीदार १: जगदीश गमरे (सही)
साक्षीदार २: भावना जगदीश गमरे (सही)

ठिकाण: गुदैबिया, बहरीन
दिनांक: गुरुवार, १२ फेब्रुवारी २०२६

कलम ७ मला वाचून दाखवलं. मान्य आहे. हातमोजे माझ्या मापाचे आणावेत, तिचे मला बसत नाहीत. — आलोशियस